मंडळीचा कारभार आणि भावकी: वाटा की पाळी?

प्रिय पाळकसाहेब, प्रभूमध्ये सलाम.

तुमचा प्रश्न मी असा समजलो. नगर जिल्ह्यातल्या एका गावी तुमची नेमणूक होऊन वर्ष झालं. मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चच्या सभासदांत, ऐंशीएक घरं आणि त्यांत दोन मोठ्या भावक्या. चर्च कमिटीची निवडणूक झाली, एका भावकीचं पॅनेल निवडून आलं, दुसऱ्या भावकीनं उपासनेला येणं सोडलं आणि रविवारी एका घरी वेगळी प्रार्थना सुरू केली. आता जुनीजाणती माणसं म्हणतात, मतदान ही गोऱ्यांची रीत आहे, ती बंद करा आणि पूर्वीसारखे पाच पंच बसवा. ते सांगतील तसं सगळे वागतील. तुम्ही विचारता, हे करावं का? आणि आपल्या मंडळीची व्यवस्था गावाच्या वळणावर किती न्यावी?

माझं सगळं पाळकपण गोदावरी आणि प्रवरेकाठच्या गावांत गेलं. शेवटची काही वर्षं वेगवेगळ्या मंडळ्यांतली भांडणं मिटवण्याचंच काम माझ्याकडे होतं. तेव्हा आधी उत्तर सांगतो, मग कारणं. मतदान बंद करू नका. पण मतदानाच्या आधी आणि नंतर जे घडतं ते गावाच्या रीतीनं घडू द्या, कारण आज तुमच्याकडे तिथं काहीच घडत नाही. पाच पंच मात्र बसवू नका. ही चूक मी एकदा केली आहे, ती पुढे सांगतो.

आधी ‘गोऱ्यांची रीत’ या शब्दाकडे बघू. त्यात अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं नीट कळलं तर तुमचा पुष्कळ संकोच जाईल. मंडळीतल्या वडिलांची, म्हणजे कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांची, जी पद्धत प्रेसबिटेरियन पंथाचे लोक पाळतात ती धर्मसुधारक कॅल्विननं १५४१ साली जिनिव्हात घालून दिली. तिथं बारा वडील असत: दोन शहराच्या छोट्या कौन्सिलातून, चार साठजणांच्या सभेतून आणि सहा दोनशेजणांच्या सभेतून. म्हणजे त्या शहराचा कारभार आधीपासून जसा चालत होता, त्याच साच्यात मंडळी ओतली गेली. आपल्या भागात मंडळी लावली ती अमेरिकन मराठी मिशननं. त्यांचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईला आले आणि १८३१ साली नगरला ठाणं झालं. ही माणसं न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल परंपरेतली. त्यांच्या गावात सगळे सभागृहात जमायचे, बोलायचे, हात वर करून ठरवायचे. मंडळीही तशीच चालायची. तीच रीत त्यांनी इथं आणली. शास्त्रातून आणली असं त्यांना मनापासून वाटत होतं, पण तिच्या चपलांना त्यांच्याच गावची माती होती.

म्हणून मंडळीचा कारभार स्थानिक वळणावर नेणं हे पाप नाही, नवीनही नाही. आपल्या आधी प्रत्येकानं ते केलं आहे. मिझोराममध्ये गावप्रमुखाच्या सल्लागारांना ‘उपा’ म्हणत. मंडळीच्या वडिलांनाही लोक उपाच म्हणू लागले. १९५४ च्या कायद्यानं प्रमुखांची सत्ता गेली, पण मंडळीतला उपा आजही आहे. प्रश्न गावाची रीत घ्यावी की नाही हा नाहीच. त्या रीतीतलं नेमकं काय घ्यायचं, हा प्रश्न आहे.

आणि इथं आपल्या जुन्या माणसांची आठवण जरा तपासून घ्यावी लागते. ‘पूर्वी पंच होते आणि सगळं सुरळीत होतं’ असं ते म्हणतात तेव्हा कुठला काळ त्यांच्या डोळ्यांपुढे असतो? मिशनच्या काळात शाळेचा मास्तर मिशनच्या पगारावर, पाळक मिशनच्या पगारावर, घरोघरी बायबल शिकवणारी बायबल बाई मिशनच्या पगारावर. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांच्यासारखे देशी पाळक १८५० च्या दशकातच नेमले गेले, तरी पैशाची दोरी बराच काळ मिशनरी साहेबांच्या हातात राहिली. गावात दोन भावक्या भांडल्या की पंच बसत हे खरं, पण न मिटलेलं भांडण मिशनच्या बंगल्यावर जाई आणि साहेबाच्या शब्दानं मिटे. त्या पंचांच्या पाठीशी मंडळीच्या संमतीपेक्षा बंगल्याचं वजन जास्त होतं. साहेब गेले, बंगला राहिला, आणि आता त्या बंगल्याच्या जागेवरूनच भांडणं आहेत. १९१७ साली ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला; बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सगळे शिष्य त्यांत यावेत ही त्यांची इच्छा होती. दोनच वर्षांनी ते गेले. त्यांची भजनं आपण दर रविवारी गातो, पण कारभाराला देशी रूप देण्याचं त्यांचं काम पुढे कोणी तितक्या जिद्दीनं उचललं नाही. गायन आपलं झालं, मिनिट्सबुक परकंच राहिलं. तुमच्या गावातल्या लोकांना निवडणूक उपरी वाटते त्याचं एक मूळ इथं आहे.

दुसरं मूळ त्याहून खोल आहे आणि ते आपल्याच मातीत आहे. आपल्या ग्रामीण मंडळ्यांतली बहुसंख्य घरं महारवाड्यातून आलेली, काही मांगवाड्यातून. महारकी वतनाची रचना आठवा. वतन सगळ्या भावकीचं, त्यात प्रत्येक शाखेची तक्षीम, म्हणजे वाटा, ठरलेली. गावकीच्या कामाची मात्र पाळी: यंदा या घराकडे येसकर पाळी, म्हणजे वेस राखण्याचं काम, पुढच्या वर्षी त्या घराकडे. वाटा आणि पाळी या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. वाटा म्हणजे हक्क. तो जन्मानं मिळायचा आणि त्यासाठी कोर्टापर्यंत भांडणं जायची. पाळी म्हणजे राबणं. ती आली की करावी लागायची आणि संपली की दुसऱ्याच्या हाती द्यायची. ती गुलामी होती, तिचं कौतुक करायला मी बसलेलो नाही. ती मोडावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणलं, आणि शेवटी १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ वतनं रद्द झाली. पण कायद्यानं वतन गेलं तरी वतनाचा हिशोब डोक्यातून लगेच जात नाही. शेताचा वाटा गेला तेव्हा ज्या चार गोष्टी सगळ्यांच्या मालकीच्या उरल्या, त्यांत चर्च होतं. मग सेक्रेटरीपद, खजिनदारपद, मिशनच्या जागेतली खोली, धर्मप्रांताच्या सभेला जाणारा प्रतिनिधी, हे सगळं तक्षीम म्हणून मोजलं जाऊ लागलं. ‘आमच्या भावकीचा एक तरी माणूस पाहिजे’ असं कोणी तुम्हांला म्हणालं असेल, तर ते सत्तेच्या हव्यासातून म्हणालं असं समजू नका. बाहेर ज्याचं सगळं गेलं तो आत आपला वाटा धरून ठेवतो.

पण मंडळीत वाटा नसतो, पाळी असते. हे एवढं तुम्ही लोकांना त्यांच्याच शब्दांत समजावू शकलात तर मंडळीच्या घटनेतली दहा कलमं समजावल्यासारखं होईल. मी हे पहिल्यांदा एका गावात बोललो तेव्हा मागे बसलेले एक म्हातारे बाबा उठून म्हणाले, ‘मग पाळक, पाळी कुणी चुकवायची नाही आणि कुणी धरून बसायचं नाही, असंच ना?’ मुदत आणि फेरनिवड यांचा यापेक्षा चांगला अर्थ मला कुठल्या नियमावलीत सापडलेला नाही. त्या मंडळीनं नंतर स्वतःच ठरवलं की सलग दोन मुदती झाल्या की तो माणूस एक मुदत घरी बसेल, आणि त्या काळात वेदीसमोरच्या सतरंज्या झाडण्याची पाळी त्याच्याकडे असेल. धर्मप्रांताच्या नियमांत हे कुठेही बसवावं लागलं नाही. नियमांना धक्का न लावता मंडळीनं आपल्यापुरता घातलेला हा संकेत आहे. असे संकेत भरपूर घाला. १९७० साली नागपूरला उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली तेव्हा अँग्लिकन, काँग्रिगेशनल, प्रेसबिटेरियन, बाप्टिस्ट अशा निरनिराळ्या वळणाच्या लोकांनी एका घटनेखाली यायचं मान्य केलं. अशा घटनेत स्थानिक रीतीला जागा असतेच, फक्त ती आपण शोधत नाही.

आता माझी चूक. सेवेच्या सुरुवातीच्या काळात माझ्यापुढे तुमच्यासारखाच पेच होता. मी जुन्यांचं ऐकलं, निवडणूक थांबवली आणि तीन भावक्यांचे पाच पंच बसवले. दोन वर्षं खरोखर शांतता होती. मग मिशनच्या जागेतल्या एका खोलीचा प्रश्न आला. त्या खोलीत एक विधवा बाई दोन मुली घेऊन राहत होती. तिचा नवरा गेला, दीर म्हणाला खोली आमच्या वाट्याची. पंच बसले. पाचही जण तिच्या सासरच्या नात्यातले, कोणी जवळचे कोणी लांबचे. तिला बोलावणंही गेलं नाही, कारण तिच्या वतीनं दीर आलेलाच होता. निकाल एकमतानं झाला आणि मी त्याखाली सही केली. ती बाई मुलींना घेऊन माहेरी गेली आणि पुन्हा आपल्या मंडळीत आली नाही. एकमत होतं, भांडण नव्हतं, शांतता होती. ती सही मला आजही डोळ्यांपुढे दिसते.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट धरून आहे. बैठक ज्यांना जागा देते त्यांच्यात न्याय करायला ती फार चांगली आहे. पण बैठकीत ज्याला जागाच नाही त्याचं काय, याचं उत्तर तिच्याकडे नाही. घटना, मतपत्रिका, लेखी नोटीस, गणसंख्या ही रुक्ष साधनं त्याच माणसासाठी आहेत. सलाफहाद मुलगा नसताना मेला, तेव्हा त्याच्या मुली बापाच्या भावकीत वतन मागायला मोशेकडे आल्या. गणनेच्या पुस्तकात देव म्हणतो, त्या बरोबर बोलतात. म्हणून कुठली रीत घ्यायची आणि कुठली सोडायची हे ठरवताना मी एवढंच पाहतो: तक्क्यात, म्हणजे वस्तीच्या चावडीत, जिला कधी जागा नव्हती, तिला या रीतीनं जागा मिळते का?

याच कसोटीवर गुप्त मतदान पारखून बघा. तुमच्याकडे हात वर करून ठराव होतात असं तुम्ही लिहिलं आहे. गावातली सून सासऱ्यासमोर दुसऱ्या पॅनेलसाठी हात वर करेल का? ज्याच्या बागेत रोजानं जावं लागतं त्या माणसाविरुद्ध मजूर हात वर करेल का? मंडळीतली मतपत्रिका ही गोऱ्यांसाठी नाही, त्या सुनेसाठी आणि त्या मजुरासाठी आहे. न्यू इंग्लंडमधून आलेला वर केलेला हात आपल्या गावात भावकीच्या धाकाखाली येतो; तिथं खरं म्हणजे बदलायला हवा तो हा भाग. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून स्त्रियांना पन्नास टक्के जागा आहेत. गावच्या ग्रामपंचायतीत सरपंच म्हणून बसणारी बाई चर्च कमिटीत मात्र नाश्त्याच्या सोयीपुरती बोलावली जाते, असं मी एकाहून जास्त गावांत पाहिलं. तुमच्या धर्मप्रांताच्या नियमांत स्त्रियांच्या किमान जागांबद्दल काय म्हटलं आहे ते काढून वाचा आणि त्याला किमानच समजा.

जुनी माणसं ‘बिनविरोध’ हा शब्द काढतील, आणि आपल्या जिल्ह्यात त्या शब्दाला मान आहे. हिवरे बाजारनं तीसेक वर्षं ग्रामपंचायत बिनविरोध केली. पण २०२१ साली तिथंही मतदान झालं, आणि गाव काही मोडलं नाही. त्याच सुमारास नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांत पदांचा लिलाव झाल्याचं उघड झालं आणि राज्य निवडणूक आयोगानं तिथल्या निवडणुका रद्द केल्या. विरोध दिसत नाही एवढ्यावरून एकमत झालं असं धरू नका. कधी ते बोलून झालेलं असतं, कधी विकत घेतलेलं असतं, कधी एखाद्या विधवेच्या जिवावर झालेलं असतं.

मग गावाच्या रीतीतलं घ्यायचं काय? सगळ्यात आधी वेळ घेणं. आपली निवडणूक रविवारी उपासनेनंतर पाऊण तासात उरकते. गावातलं लग्नसुद्धा एका बैठकीत ठरत नाही. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय घ्या. हेल्लेणी, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या, विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं अशी कुरकुर झाली तेव्हा बारा प्रेषितांनी पंच नेमले नाहीत, सगळ्या शिष्यांना बोलावलं, काम काय आहे ते सांगितलं आणि निवड त्यांच्यावर सोडली. जी सात नावं पुढे आली, ती सातही ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूची माणसं वाटपावर बसवली, आणि बहुसंख्य बाजूनं ते मान्य केलं. तुमच्या जिंकलेल्या पॅनेलला हा अध्याय एकत्र बसून वाचायला लावा. त्यावर प्रवचन करू नका. नुसती नावं वाचा आणि विचारा, यातली आपल्याकडची किती आणि त्यांच्याकडची किती.

मी पुढे जी पद्धत बसवली तीत निवडणुकीआधी सहा आठवडे जात. पहिले दोन आठवडे वस्तीवस्तीत संध्याकाळची प्रार्थना, आणि ती मुद्दाम मिसळून: या भावकीच्या घरी त्या भावकीनं यायचं. तिथं निवडणुकीचा विषय नाही, मंडळीला येत्या तीन वर्षांत काय करायचं आहे एवढंच. छप्पर गळतं, मुलांचा संडेस्कूल बंद पडला, दफनभूमीला कुंपण नाही. मग स्त्रियांची स्वतंत्र बैठक. ही मोठ्या बैठकीच्या आधी व्हायला हवी, नंतर नव्हे, कारण नंतर झाली की त्यांना फक्त मान डोलवायची उरते. त्या बैठकीत ठरलेलं एखादी बाई मोठ्या बैठकीत सगळ्यांत आधी वाचून दाखवते. मग मोठी बैठक, सतरंजीवर, खुर्च्या नाहीत, पाळकालाही नाही. पहिल्या दिवशी फक्त बोलायचं, ठराव करायचा नाही. लहान वयाच्यांनी आधी, वडीलधाऱ्यांनी शेवटी. कारण वडीलधारं माणूस एकदा बोललं की त्याच्यावर कोण बोलणार? पाळकानं तर अगदी शेवटी, आणि थोडं. मधे एक आठवडा जाऊ द्यायचा. त्या आठवड्यात बांधावर, बाजारात, दळणाच्या गिरणीत जे बोलणं होतं, खरी बैठक तिथं होते. दुसऱ्या बैठकीत नावं पुढे येतात. पुष्कळदा जितक्या जागा तितकीच नावं येतात. तरीही मी मतपत्रिका फिरवतो. त्या कागदावर ‘मान्य नाही’ म्हणायची सोय असते, आणि एकदोनदा लोकांनी ती वापरली आहे.

बरोबरी झाली किंवा दोन नावांवरून घट्ट अडलं, तर चिठ्ठी टाका. यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठ्यांनी झाली, आणि त्याआधी दोघेही योग्य आहेत हे मंडळीनं पाहिलं होतं हे विसरू नका. आपल्या लोकांना ही रीत अनोळखी नाही. ग्रामपंचायतीत समान मतं पडली की चिठ्ठीच काढतात, आरक्षणाची सोडतही लहान मुलाच्या हातानं होते. मतानं हरलेला माणूस वर्षानुवर्षं अढी धरतो. चिठ्ठीनं राहिलेला माणूस दुसऱ्या रविवारी उपासनेला येतो. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की त्याबद्दल मला शंका उरलेली नाही.

पैशाच्या बाबतीत गावाची रीत जपून घ्या. मिझो मंडळीत १९१० पासून ‘बुहफाइ थाम’ चालतं: दर स्वयंपाकाच्या वेळी घरची बाई मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला काढते. आपल्याकडच्या मुठीच्या धान्याचंच ते रूप, पण तिथं त्यावर मंडळीची मोठी कामं उभी राहिली. हे आपल्या घरांना शोभणारं आहे. गरीब घरही देतं, आणि कोणी किती दिलं हे कोणाला कळत नाही. याउलट सामोआ बेटांवरची गोष्ट ऐका. तिथं लंडन मिशनचे जॉन विल्यम्स १८३० साली पोचले. मंडळी काँग्रिगेशनलच, आपल्या नगरच्या गोत्राची. सामोआतल्या लोकांनी पाळकाचं गावाशी नातं जोडलं ते ‘फेआगाइगा’ या त्यांच्या शब्दानं; तो शब्द भाऊ आणि बहीण यांच्यातल्या पवित्र कराराचा. पाळक हा गावाची बहीण: तिला मान द्यायचा, पोसायचं, आणि तिनं गावप्रमुखांच्या सभेतल्या सत्तेत पडायचं नाही. मला हे फार आवडतं. भाऊबीज पाळणाऱ्या आपल्या लोकांना ते एका वाक्यात कळतं, आणि पाळकानं पॅनेलच्या राजकारणापासून का लांब राहावं तेही कळतं. पण त्याच सामोआत कुटुंबप्रमुख म्हणजे मताई हेच बहुधा मंडळीचे डीकन, म्हणजे सेवक-कारभारी, झाले आणि कोणत्या कुटुंबानं किती दिलं हे चर्चमध्ये मोठ्यानं वाचलं जाऊ लागलं. मग इभ्रतीसाठी देणं आलं, कर्ज काढून देणं आलं. आपल्या कापणीच्या सणाला अर्पणाच्या वस्तूंचा होणारा लिलाव याच वाटेनं जातो. एका कोंबड्यावर दोन भावक्या अडून बसतात आणि बोली कोंबडा सोडून नावावर जाते. लिलाव बंद करा असं मी म्हणणार नाही, लोकांना त्यात आनंद असतो. पण वस्तू कोणी घेतली हे वहीत राहू द्या, माइकवर नको. जमाखर्च मात्र दर महिन्याला माइकवर वाचा, आकड्यासकट, मावशीला कळेल अशा भाषेत. नोटीसबोर्डवर लावलेला हिशोब ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी तो लावलेलाच नसतो.

शिस्तीबद्दल मला कडक बोलायचं आहे. पंच बसवले की दंड आणि वाळीत टाकणं मागच्या दारानं येतं, मग त्याला मंडळीची शिस्त असं नाव देतात. मत्तयच्या अठराव्या अध्यायातली पायरी वेगळी आहे: आधी एकट्यानं जा, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीपुढे, आणि हेतू एकच की भाऊ परत मिळावा. प्रभुभोजनापासून कोणाला दूर ठेवायचं झालंच, तर तो निर्णय तुमचा आणि तुमच्यावरच्या अधिकाऱ्यांचा, नियमात जसं लिहिलं आहे तसा. भावकीचा कधीच नाही. आणि दफन, लग्न, आजाऱ्याची भेट, मुलाचा बाप्तिस्मा यांपैकी काहीही भांडणासाठी अडवू देऊ नका. प्रेत दारात आणि दफनभूमीची किल्ली दुसऱ्या पॅनेलच्या खिशात, असा प्रसंग मी पाहिला आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण कायद्याच्या भीतीनं नव्हे, त्या घरातल्या दुःखाकडे पाहून ही किल्ली आजच स्वतःकडे घ्या.

मालमत्तेचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं स्थानिक रीतीला जागा नाही. जमीन आणि इमारती सार्वजनिक न्यासाच्या नावावर असतात. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात गेला पाहिजे, आणि विक्री, अदलाबदल, बक्षीस किंवा लांब मुदतीचा भाडेपट्टा धर्मादाय आयुक्तांच्या आधीच्या परवानगीशिवाय होत नाही. पंचांचा शब्द, शंभर सह्यांचा कागद, कमिटीचा एकमतानं झालेला ठराव, यांतलं काहीही त्या परवानगीची जागा घेत नाही. कोणी ‘गावाचंच आहे, गाव ठरवेल’ म्हणालं तर नम्रपणे आणि लेखी नाही म्हणा.

आता त्या वेगळ्या प्रार्थनेचं. तिला फूट म्हणू नका, निदान अजून नको. येत्या रविवारी आपली उपासना झाली की संध्याकाळी तिथं जा. एकटे जा, कमिटीचा कोणी बरोबर नको, आणि रजिस्टर नेऊ नका. बोलावलं तर प्रार्थना करा, नाही तर मागे बसून भजन म्हणा. तीच टिळकांची भजनं तिथंही चालू असतील. चहा घ्या. पहिल्या भेटीत परत या असं म्हणू नका. दुसऱ्या भेटीत त्यांच्यातल्या बायकांना विचारा, काय झालं होतं. पुरुष निवडणूक सांगतील. बायका बहुधा त्याच्या आधीची एखादी गोष्ट सांगतील, लग्नातला मान, नळावरचं बोलणं, एखाद्या मयताला न आलेलं माणूस. भांडण तिथं आहे. तोवर जिंकलेल्या पॅनेलला एकच विनंती करा: खजिनदाराबरोबर दानपेटी मोजायला समोरच्या भावकीतली एक बाई दर रविवारी बसेल. त्यासाठी निवडणूक लागत नाही, ठराव लागत नाही.

मोठ्या बैठका कापणीच्या सणाच्या आधी उरकून घ्या. ज्वारी काढणीला आली की माणसं बसायला मिळत नाहीत, आणि सणाच्या दिवशी लिलावाला दोन्ही भावक्या समोरासमोर येतील तेव्हा आधी एकदा तरी एका सतरंजीवर बसून गेलेल्या असल्या पाहिजेत.